बी रुजलं नाही? आधी कुंडी उकरून बघा : कोकणात वेगळी हंगामी फुलं लावताना या चुका टाळा

टिथोनिया, निगेला, लार्कस्पर, मूनफ्लॉवर. फोटो बघून हौसेने पाकिटं मागवतो, पेरतो, आणि तीन आठवड्यांनी कुंडीत नुसतं हिरवं शेवाळ. मग सगळं खापर बियाण्यावर फुटतं. गुहागरला आमच्या परसात मी बरीच वर्षं ही फुलं लावते आहे. खरंच वाईट निघालेलं बी मला क्वचित भेटलं. चुकते ती बहुतेक वेळा पेरण्याची वेळ, नाहीतर पाणी.

म्हणून कुंडी ओतून टाकण्याआधी एक बी उकरून काढा. काडीने माती हळूच बाजूला करा आणि बी चिमटीत धरून बघा. टम्म फुगलेलं आणि घट्ट असेल तर जिवंत आहे, आठवडाभर थांबा. दाबल्यावर पिचकलं आणि आतून लगदा आला तर कुजलं. पाणी जास्त झालं. पेरलं तसंच कडक असेल तर आत पाणी शिरलेलंच नाही. आणि बी सापडलंच नाही तर मुंग्यांनी नेलं. त्यावर उपाय सोपा आहे: परातीत पाणी घालून मधे वीट ठेवायची आणि कुंडी त्या विटेवर.

पाकिटावरचा हिवाळा आपला नव्हे

पाकिटावर बहुधा ‘ऑक्टोबरमध्ये पेरा’ असं असतं. घाटावर ते ठीक आहे. किनाऱ्यावर ऑक्टोबर म्हणजे दुसरा उन्हाळा. पाऊस थांबलेला, दुपारी पारा ३३-३४ अंशांवर आणि अंगाला चिकचिक. लार्कस्परचं बी अशा मातीत झोपूनच राहतं. त्याला उगवायला गारवा लागतो, १८ अंशांच्या वर उगवण मंदावते. मी सलग दोन वर्षं दसऱ्याला लार्कस्पर पेरलं आणि दोन्ही वर्षं एक कोंब दिसला नाही. तिसऱ्या वर्षी बी ओलसर कागदात गुंडाळून, डबीत घालून दोन आठवडे फ्रीजमध्ये ठेवलं (फ्रीझरमध्ये नव्हे) आणि डिसेंबरच्या सुरुवातीला पेरलं. फेब्रुवारीअखेर निळे तुरे आले. तेव्हा आईने पहिला तुरा देवापुढे ठेवला होता, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

माझा ठोकताळा असा: तुळशीचं लग्न लागलं की निगेला, फ्लॉक्स, नॅस्टर्शियम पेरायचं. पहाटे अंगावर पांघरूण घ्यावंसं वाटू लागलं की लार्कस्पर. याहून उशीर मात्र नको, कारण मार्चच्या उन्हात ही सगळी माना टाकतात. टिथोनिया आणि बटणफुलाला उष्म्याचं काही वाटत नाही, पाऊस ओसरला की लगेच पेरा. टिथोनिया पुरुषभर उंच होतं, त्याला काठीचा आधार आधीच रोवून ठेवा. नंतर रोवायला गेलं की मुळं दुखावतात.

पावसाळ्यात काहीच लावू नये असंही नाही. गौरीच्या दिवसांत गडग्याच्या कडेला तेरडा कसा तरारून येतो! तशीच दमट हवा आणि सावली टोरेनियाला मानवते. फक्त कुंडी पागोळ्यांखाली नको, थेंबांच्या माऱ्याने रोपं चिखलात रुततात.

रात्रीत आडवी झालेली रोपं

आपल्या दमट हवेत सगळ्यात जास्त नुकसान याने होतं. संध्याकाळी ताठ उभी असलेली रोपं सकाळी आडवी पडलेली असतात. जवळून बघा: पानं अजून हिरवीगार, पण मातीला टेकलेल्या जागी देठ उकडल्यासारखा पाणचट आणि दोऱ्याएवढा बारीक झालेला. ही बुरशी, रोपं कोलमडण्याचा रोग. पडलेलं रोप पुन्हा उभं राहत नाही. ते भोवतालच्या मातीसकट चमच्याने उचलून टाका, पाणी थांबवा आणि ट्रे वारा लागेल अशा उजेडाच्या जागी हलवा. बाकीची रोपं बहुधा वाचतात.

मुळात हे होतं दाट पेरल्यामुळे, कच्च्या शेणखतामुळे आणि रोज संध्याकाळी झारीने पाणी घातल्यामुळे. पाणी सकाळी घाला, तेही शक्यतो खालून: ट्रे परातीतल्या पाण्यात ठेवायचा आणि वरची माती ओलसर दिसली की उचलायचा. पेरणीच्या मातीत खत घालूच नका. चाळलेली माती, वाळू आणि कोकोपीट पुरे. पण कोकोपीटऐवजी घरच्या नारळाच्या सोडणांचा भुसा वापरणार असाल तर दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या, त्यात क्षार असतात. मातीत ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, मिसळायचं तर आधीच मिसळा, रोपं पडायला लागल्यावर त्याचा फारसा उपयोग नाही.

किती खोल?

पेटुनिया, लोबेलियाचं बी तपकिरीसारखं बारीक. त्याला उगवताना उजेड लागतो, वर माती टाकलीत तर संपलं. कोरड्या बारीक वाळूत मिसळून भुरभुरवा आणि तळहाताने नुसतं दाबा. निगेला, लार्कस्पर आणि फ्लॉक्सला उलट अंधार हवा; ती मातीने नीट झाकली गेली पाहिजेत. मूनफ्लॉवर, म्हणजे रात्री उमलणारी पांढरी सुवासिक फुलं, ही गणेशवेलीचीच बहीण. तिच्या बियांचं टरफल दगडासारखं. पॉलिश पेपरवर एका बाजूला घासा, डोळ्याची जागा सोडून, आणि रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. सकाळी फुगलेल्या तेवढ्याच पेरा. बाकीच्या पुन्हा घासा.

निगेला आणि लार्कस्परचं सोटमूळ उपटून लावणं सोसत नाही. जिथे फुलायला हवीत तिथेच पेरा, नाहीतर वर्तमानपत्राच्या पुंगळ्यांत रोप करून पुंगळीसकट लावा. लार्कस्परचं रोप आणि बी दोन्ही विषारी आहेत. घरात रांगतं मूल असेल किंवा परसात गुरं येत असतील तर ते लावू नका.

नॅस्टर्शियमला पानंच पानं आणि फूल नाही? खत जास्त झालं. आपली हलकी जांभ्याची माती त्याला पुरते.

समुद्रालगत घर असेल तर कोवळ्या पानांच्या कडा करपतात. ते रोगाचं लक्षण समजून औषध मारू नका, खारा वारा आहे तो. पश्चिमेला नारळाच्या विणलेल्या झावळीचा झाप उभा करा.

उरलेलं बी

आपल्याकडे बी मरतं ते बहुधा पावसाळ्यात, कपाटाच्या खणात. दमट हवेत बी आर्द्रता ओढून घेतं आणि चार महिन्यांत त्याचा जीव जातो. मे महिन्यातच सगळी पाकिटं सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या बरणीत घाला आणि बरणी फ्रीजमध्ये ठेवा. काढल्यावर लगेच उघडू नका. तासभर बाहेर राहू द्या, नाहीतर थंड बियांवर दंव धरतं. पेरण्याआधी दहा बिया ओल्या कागदात ठेवून बघा. दोनच उगवल्या तर त्या पाकिटासाठी कुंडी अडवू नका. पाच-सहा उगवल्या तर दुप्पट पेरा आणि पाकिटावर यंदाचं साल लिहून ठेवा.