आजोबांच्या ट्रंकेतली जपानी नोट कशी ओळखावी आणि कशी जपावी

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेलेल्या आपल्याकडच्या जवानांच्या घरात कधी कधी एक चमत्कारिक नोट सापडते. किंमत रुपयांत, पण राजाचा मुखडा नाही. ती आपली जुनी नोट समजून बँकेत नेऊ नका. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिथल्या व्यवहारासाठी स्वतःच रुपये छापले. त्यामागे सोनं-चांदी काही नव्हतं. १९४५ मध्ये इंग्रज परतले आणि हे रुपये रद्दी झाले.

आधी नोट उजेडात धरा. वरती इंग्रजीत ‘द जॅपनीज गव्हर्नमेंट’ आणि खाली लाल जपानी शिक्का दिसतो. मग मोठ्या टाइपातली गट-अक्षरं शोधा, खरी खूण तीच. पहिलं अक्षर ‘बी’ असेल तर ब्रह्मदेश, ‘एम’ मलाया, ‘पी’ फिलिपाईन्स, ‘एस’ डच ईस्ट इंडीज, म्हणजे आजचा इंडोनेशिया. मलायाच्या दहा डॉलरवर केळीचं झाड आहे, म्हणून तिथले लोक या पैशाला ‘केळी-नोट’ म्हणत. बहुतेक नोटांवर अनुक्रमांक नसतो, त्यामुळे तो नाही म्हणून नोट खोटी ठरवू नका.

विकायचा विचार असेल तर मोठ्या रकमेची आशा धरू नका. या नोटा बेसुमार छापल्या गेल्या, आजही भरपूर मिळतात.

जपताना मात्र हयगय नको. धुऊ नका, इस्त्री करू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. माझ्याकडच्या दहा रुपयांच्या नोटेची घडी फाटली होती, तिथे कुणीतरी चिकटपट्टी लावली. पट्टी गळून पडली, पण गोंदाचा तपकिरी डाग कागदात कायमचा उतरला. फाटलेली नोट तशीच पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात सपाट ठेवा. पीव्हीसीचं पाकीट टाळा, ते काही वर्षांत चिकट होतं. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाका.

राहिलं सगळ्यात घाईचं काम. ही नोट कुणी आणली, कुठल्या पलटणीतून, हे घरातल्या थोरांना आजच विचारा. १९४२ च्या सुरुवातीला रंगूनहून पायी परतलेल्यांकडे ती असण्याचा संभव कमी. बहुधा १९४४-४५ मध्ये पुढे सरकणाऱ्या फौजेतल्या कुणीतरी ती खिशात घातली असावी. जे कळेल ते वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहा, तारीख घाला आणि पाकिटाशेजारी ठेवा. नोटेवर एक अक्षरही लिहू नका.