ह्यूस्टन किती वाढलं, हे अंबाजोगाईत बसून कसं बघावं

अमेरिकेत टेक्सास राज्यात राहणारा आमचा थोरला तेरा वर्षांपासून फोनवर सांगतोय, "आई, ह्यूस्टन नुसतं वाढायलंय." मागच्या महिन्यात भिशीत एकीनं मोबाईलवर आलेलं वाचून दाखवलं, ह्यूस्टन शहरात दोन लाख मराठी माणसं आहेत म्हणे. मी विचारलं, कुणी मोजली? ती म्हणाली, "बाई, तुमचं आपलं कायम मोजणीवरच असतं." असतं खरं. २००१ आणि २०११ अशा दोन जनगणनांत मी केज तालुक्यात प्रगणक होते. दारोदार हिंडून माणसं मोजलेल्या बाईला आकडा तसाच गिळता येत नाही.

तर ज्यांची लेकरं तिकडं आहेत, किंवा ज्यांना अमेरिकेतलं एखादं शहर खरंच किती वाढलं हे स्वतः बघायचंय, त्यांच्यासाठी ही रीत. मोबाईल, वही, पेन आणि अर्धा तास लागतो. इंग्रजी जेमतेम चालतं, माझंही तसंच आहे.

आधी स्वल्पविराम सांभाळा. अमेरिकेत आकडा तीन-तीन अंकांवर तोडतात. २०२० च्या गणनेतला ह्यूस्टनचा आकडा तिकडं २,३०४,५८० असा दिसतो. आपल्या पद्धतीनं तो २३,०४,५८०, म्हणजे तेवीस लाख. दहा लाखांचा एक मिलियन. मी सुरुवातीला २.३ मिलियन म्हणजे दोन कोटी तीस लाख असं धरून भिशीत सांगून आले होते, त्यामुळं माझी बोलायची सोय नाही. आकडा दिसला की वहीत आपल्या पद्धतीनं उतरवून घ्यायचा आणि मगच पुढं जायचं.

आकडे मिळतात अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या 'क्विकफॅक्ट्स' या पानावर. फुकट आहे, नाव-गाव विचारत नाहीत. शोधाच्या चौकटीत शहराचं नाव इंग्रजीत टाका. एका वेळी सहा ठिकाणं शेजारी-शेजारी लावता येतात, ती सोय पुढं लई कामाची आहे. पाच हजारांपेक्षा लहान गाव मात्र तिथं सापडत नाही.

हद्द कुठली?

इथं घाई करू नका. सगळा घोळ इथंच होतो.

ह्यूस्टन हे नाव तीन वेगवेगळ्या गोष्टींना लावतात. एक, महापालिकेच्या हद्दीतलं शहर. दोन, हॅरिस काउंटी. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं समजा, कारभार निराळा आहे, पण समजायला ठीक. तीन, आजूबाजूच्या काउंट्या धरून होणारा महानगर प्रदेश, २०२० मध्ये त्यात नऊ काउंट्या धरल्या होत्या. वहीत तीन ओळी आखा आणि २०१० व २०२० चे आकडे समोरासमोर लिहा.

शहर: २०,९९,४५१ वरून २३,०४,५८०. वाढ २ लाख ५ हजार, म्हणजे पावणेदहा टक्के.
हॅरिस काउंटी: ४०,९२,४५९ वरून ४७,३१,१४५. वाढ ६ लाख ३८ हजार.
महानगर: ५९ लाख २० हजारांवरून ७१ लाख २२ हजार. वाढ १२ लाख.

म्हणजे दहा वर्षांत तिथं जी नवी माणसं वाढली, त्यातल्या सहांमागं जेमतेम एक शहराच्या हद्दीत वाढलं. आता चौथी ओळ ओढा, शेजारच्या फोर्ट बेंड काउंटीची: ५,८५,३७५ वरून ८,२२,७७९. चाळीस टक्क्यांच्या वर वाढ. एवढीशी काउंटी, पण माणसं वाढली २ लाख ३७ हजार, खुद्द ह्यूस्टन शहरापेक्षा जास्त! हे पहिल्यांदा वजाबाकी करून निघालं तेव्हा मी परत करून बघितलं.

आमचा मुलगा लोकांना "ह्यूस्टनला असतो" असं सांगतो. पत्त्यात लिहितो केटी. आणि केटी शहराची २०२० ची लोकसंख्या बावीस हजारसुद्धा नाही! केटीचा पत्ता असलेले बहुतेक लोक ना केटी शहरात, ना ह्यूस्टन शहरात. टपालाचा पत्ता एक, हद्द दुसरी. याची खात्री करायची तर जनगणना खात्याचाच 'जिओकोडर' आहे. त्यात घराचा पत्ता टाकला की काउंटी आणि ठिकाण दाखवतो. मी मुलाला पत्ता टाकायला लावला. ठिकाण आलं 'सिन्को रँच', आणि तेही फक्त मोजणीपुरतं दिलेलं नाव, नगरपालिका नाहीच. म्हणाला, "मग मी राहतो कुठं?" मी म्हटलं, फोर्ट बेंडमध्ये, आता पाहुण्यांना नीट सांगत जा.

जुने आकडे बघणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. ह्यूस्टन पूर्वी शेजारच्या वस्त्या आपल्यात ओढून घ्यायचं. १९९६ मध्ये किंगवूड घेतलं, तिथल्या लोकांचा विरोध असताना. म्हणजे १९९० ते २००० मधली काही वाढ ही नवी माणसं आल्याची नाही, रेघ सरकल्याची आहे. आपल्याकडं खेडी महापालिकेत आली की हेच होतं. टेक्सासनं २०१९ मध्ये कायदा करून ही मनमानी बरीचशी बंद केली.

कुणाला कुठं धरलं?

फेब्रुवारी २०११. माझ्या वाट्याला आलेल्या वाडीत निम्म्या घरांना कुलपं. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या तोंडावरच साखर कारखान्यांना गेलेल्या. एका ओसरीवर एक म्हातारी बसली होती, पदराला पाच घरांच्या किल्ल्या बांधून. म्हणाली, "लिव्हा की बाई, माझीच लेकरं हायत सगळी, नावं सांगते." नावं तोंडपाठ होती तिला, वयंही. पण नियम असा की ९ ते २८ फेब्रुवारी या सगळ्या दिवसांत जो गावात नाही, त्याला इथं लिहायचं नाही. तो जिथं असेल तिथं लिहिला जाईल. म्हणजे कुठल्यातरी कारखान्याच्या तळावर, कोपीत, तात्पुरत्या झोपडीत. तिथल्या प्रगणकानं तो फड गाठला की नाही, मला कधीच कळलं नाही. मी त्या घरांवर कुलूप अशी नोंद केली आणि निघाले.

अमेरिकेत नियम निराळा आहे. १ एप्रिल ही तारीख, आणि माणूस जिथं जास्त काळ राहतो-झोपतो ते त्याचं ठिकाण. त्या नियमानं पाच महिने ऊस तोडून परत येणारी आमची टोळी गावातच मोजली गेली असती. पासपोर्ट कुठला हे बघत नाहीत, म्हणून आमचा मुलगा टेक्सासच्या आकड्यात आहे. वसतिगृहातला विद्यार्थी कॉलेजच्या गावात धरतात, कैदी तुरुंगाच्या गावात. एखाद्या लहान काउंटीत पुरुष अचानक जास्त दिसले तर आधी तिथं तुरुंग आहे का ते बघा.

तारखेचंही जपा. गणना दहा वर्षांनी, १ एप्रिलची. मधल्या वर्षांचे आकडे हे १ जुलैचे अंदाज असतात. गणनेशी गणना, अंदाजाशी अंदाज असंच जुळवायचं.

माणसं आली कुठून?

वाढ चारच वाटांनी होते: जन्म, मृत्यू, देशातल्या देशात येणं-जाणं, परदेशातून येणं-जाणं. या चार वाटांचा हिशोब खातं काउंटीसाठी देतं, शहरासाठी देत नाही. म्हणून इथं हॅरिस काउंटी घ्यावी लागते. त्यात गंमत अशी दिसते की २०१४ नंतर तेलाचे भाव पडले, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतलेच लोक हॅरिसमध्ये येण्यापेक्षा हॅरिसमधून जास्त बाहेर पडले, बरेचसे शेजारच्या काउंट्यांत. तरी आकडा वाढला तो पाळण्यांमुळं आणि परदेशातून आलेल्यांमुळं.

एकूण आकड्याच्या आत काय चाललंय हे बघितल्याशिवाय वही मिटू नये. आमच्या बीड जिल्ह्याचा आकडा २००१ ते २०११ मध्ये २१ लाख ६१ हजारांवरून २५ लाख ८५ हजारांवर गेला, दिसायला छान वाढ. पण सहा वर्षांपर्यंतच्या लेकरांत हजार मुलांमागं मुली ८९४ वरून ८०७ वर आल्या होत्या.

ह्यूस्टनच्या आत काय आहे? १९८० मध्ये निम्म्याहून जास्त लोक गोरे होते. २०२० मध्ये ते (हिस्पॅनिक सोडून) चौथाईच्याही खाली आले आणि सुमारे ४४ टक्के हिस्पॅनिक, म्हणजे मेक्सिकोसारख्या स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखांतलं मूळ असलेले. हे बघताना एक फसगत होते. तिथं हिस्पॅनिक आहात का हा एक प्रश्न होता आणि वंश कोणता हा दुसरा. एकच माणूस दोन्हींत धरला जातो, म्हणून सगळे टक्के मिळवले की शंभराच्या वर जातात. मी तीनदा बेरीज केली. उपाय असा: 'डेटा डॉट सेन्सस डॉट गव्ह' वर जाऊन इंग्रजी बी आणि त्यापुढं शून्य तीन शून्य शून्य दोन या क्रमांकाचा तक्ता काढा. त्यात प्रत्येक माणूस एकाच खान्यात असतो. २०२४ मध्ये सरकारनं हे दोन प्रश्न एक करायचं ठरवलंय, त्यामुळं पुढचे आकडे मागच्याशी जुळवताना सांभाळून.

आता त्या दोन लाख मराठी माणसांकडं वळू. घरी कोणती भाषा बोलता, याचा तक्ता आहे, बी एक सहा शून्य शून्य एक. त्यात हिंदी, गुजराती, तेलुगू, तमिळ यांना स्वतंत्र ओळ आहे. मराठीला नाही. 'नेपाळी, मराठी व इतर' अशी एकत्र ओळ आहे. शिवाय तो तक्ता पाच वर्षांवरच्यांचा, म्हणजे माझी तीन वर्षांची नात त्यात नाहीच. आणि हे घरोघर मोजलेलं नसतं, नमुना घेऊन काढलेलं असतं, म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी चुकीची मर्यादा छापलेली असते. ती आकड्याच्या जवळपास गेली असेल तर तो आकडा कुणाला सांगू नका. भिशीतल्या मैत्रिणीला मी एवढंच विचारलं, की नेपाळी वगळून दोन लाख का धरून?

सुटलेली माणसं

गणना झाल्यावर अमेरिकेचं खातं आपलीच चूक मोजून जाहीर करतं, हे मला फार आवडलं. २०२० मध्ये टेक्सासमध्ये १.९२ टक्के लोक कमी मोजले गेले, आणि देशभर हिस्पॅनिक लोक ४.९९ टक्के कमी. दार उघडलं नाही तर पुन्हा पुन्हा जातात, शेवटी शेजाऱ्याला विचारून लिहितात. म्हणून ह्यूस्टनचे ४४ टक्के वहीत लिहिताना मी शेजारी 'निदान' असा शब्द लिहिला आहे.

आपली पुढची गणना १ मार्च २०२७ धरून आहे. माणसं मोजायची फेब्रुवारीत, म्हणजे पुन्हा टोळ्या बाहेर असतानाच. मी आता निवृत्त आहे. आमच्या शाळेत नव्यानं आलेल्या बाईंना सांगून ठेवलंय, वाडीत गेल्यावर आधी किल्ल्या कुणाकडं आहेत ते विचारा, आणि कुठल्या कारखान्यावर गेलेत तेही लिहून आणा.