मरत चाललेलं जादूचं शहर आणि त्याचा कधीच न दिसणारा राजा: कसं रचायचं

फँटसी लिहिणाऱ्या किंवा टेबलाभोवती बसून पात्रं वठवायचा रोलप्लेइंग गेम चालवणाऱ्या कोणाचीही वही उघडा, त्यात असं एक शहर अर्धवट पडलेलं असतंच. पडक्या हवेल्या, धुकं, मधोमध काळा मनोरा, आणि मनोऱ्यात कित्येक पिढ्या बाहेर न आलेला जुलमी जादूगार. ते अर्धवट राहतं कारण जिथे तिथे सल्ला एकच मिळतो, वातावरणनिर्मिती करा. म्हणजे काय, तर अजून थोडं धुकं घाला आणि अजून चार कावळे बसवा. वाचक दोन पानं धुकं सहन करतो आणि तिसऱ्या पानावर विचारतो की बाबा रे, इथली माणसं सकाळी उठून करतात काय? तिथे सगळं अडतं.

नकाशा, नावं, देव, वेशी किती, नाणी कसली वगैरे तुम्ही करणारच, त्यावर मी बोलत नाही. फक्त नकाशा एवढ्यात शाईने काढू नका.

पहिलं काम: शहर कशावर चालतं ते ठरवा

एकच गोष्ट ठरवा. जादूने चालणारी अशी एक गोष्ट, जी बंद पडली तर शहर आठवडाभरात गुडघ्यावर येईल. पाणी, उजेड, ऊब, तटबंदी, काहीही चालेल, पण मॅजिक सिस्टिमची, म्हणजे जादूच्या नियमांची, चाळीस पानं लिहून मग शहराकडे वळू नका, त्या चाळीस पानांतलं रस्त्यावरच्या माणसाला काहीच माहीत नसतं आणि वाचक रस्त्यावरच्या माणसासोबत चालत असतो.

मी पुढे उदाहरणाला पाणी घेते. डोंगरावर शहर, खाली दरीत नदी, आणि राजाच्या जादूमुळे पाणी चढावरून उलटं वाहत वर येतं. पाणीच का, तर त्याचा खरा नमुना इतिहासात तयार आहे. सन ५३७ मध्ये गॉथ नावाच्या जर्मानिक लोकांचा राजा विटिगिस रोमला वेढा घालून बसला आणि त्याने शहरात पाणी आणणारे कालवे तोडले. नुसते घसे कोरडे पडले असं नाही, स्नानगृहं बंद पडली, जानिकुलम टेकडीवरच्या पाणचक्क्या थांबल्या म्हणजे पीठ थांबलं, आणि आतून लढणाऱ्या रोमन सेनापती बेलिसारियसला टायबर नदीत होड्या बांधून त्यांच्यामध्ये चक्क्या बसवाव्या लागल्या. पुढच्या शतकांत उंच टेकड्यांवरची वस्ती विरळ होत गेली आणि माणसं नदीच्या वळणातल्या सखल भागात दाटीवाटीने राहू लागली. कालवे तुटले आणि नकाशा बदलला, म्हणूनच म्हटलं शाईने काढू नका. तुमच्या शहरातही जादू अजून पोचते तिथे गर्दी, भाडी, भांडणं, आणि ती हटली तिथे रिकामे चौक, हे आपोआप ठरत जातं.

दुसरं काम: पडझड

ओसाड शहर वेगळं आणि मरत चाललेलं वेगळं, हे बहुतेक जण गोंधळतात. अकबराने १५७१ च्या सुमारास फतेहपूर सिक्री बांधायला घेतली आणि १५८५ मध्ये दरबार तिथून हलवला, तरी त्या महालांचा लाल दगड आजही बघत राहावा असा आहे. दरबार उठून गेला की महाल निवांत उभे राहू शकतात. मरत चाललेल्या शहरात माणसं राहत असतात, आणि तीच त्याचे लचके तोडून दिवस काढत असतात. मध्ययुगात रोमच्या लोकांनी जुन्या देवळांचा संगमरवर भट्टीत भाजून त्याचा चुना केला, आणि जिथे साम्राज्याचे निर्णय व्हायचे त्या फोरममध्ये गुरं चरायला लागली, जागेचं नावच काम्पो वाचिनो पडलं म्हणजे गाईंचं रान. तेराव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या गादीवर बसलेल्या लॅटिन, म्हणजे पश्चिम युरोपी वंशाच्या, सम्राट दुसऱ्या बाल्डविनकडे पैसे इतके उरले नव्हते की राजवाड्याच्या छपराचं शिसं उतरवून विकायची वेळ आली.

तेव्हा "मोडकी कमान" एवढं लिहून पुढे जाऊ नका. कमानीचा दगड कोणी नेला, आता तो कोणाच्या जोत्यात आहे, आणि नेताना पहारेकऱ्याने काय घेतलं? एवढी तीन उत्तरं असली की त्या गल्लीत तुम्हाला तीन कॅरेक्टर फुकट मिळतात. आणि सगळं सारखं पडकं ठेवू नका. एखादी गोष्ट चकचकीत हवी, रोज पुसलेली, तेल दिलेली, आणि ती नेमकी का सांभाळली जाते हे कोणालाच नीट सांगता येऊ नये. राजाला कशाची पर्वा आहे ते तिथून कळतं.

तिसरं काम, आणि इथेच सगळे आपटतात: राजा

माझाही सगळ्यात जास्त वेळ इथेच गेलाय म्हणून इथे जरा थांबून लिहिते.

अडचण साधी आहे. हा माणूस खोलीबाहेर येत नाही. कथेत जो येत नाही तो हळूहळू नुसतं नाव होतो, लोक "महाराज" म्हणून थरथरतात, वाचक पहिल्यांदा त्यांच्यासोबत थरथरतो आणि पाचव्यांदा जांभई देतो. मग लेखक घाबरतो आणि दोनपैकी एक उपाय करतो, एकतर मधूनमधून राजाच्या डोक्यातली तिरक्या अक्षरातली प्रकरणं घालतो, नाहीतर शेवटी त्याला चार पानांचं भाषण देतो. दोन्ही करू नका. डोक्यात शिरलात की तो एकांतात राहिलाच नाही, तुमच्यासोबत बसलाय. आणि भाषण करणाऱ्याला श्रोते लागतात, श्रोते हवे असते तर हा इतकी वर्षं कोंडून कशाला बसला असता?

त्याऐवजी तीन गोष्टी कागदावर लिहा. त्याला हवंय काय, बाहेरची खबर त्याच्यापर्यंत पोचते कशी, आणि त्याचा हुकूम बाहेर येतो कसा. राजा लिहायचाच नाही, फक्त ही आत-बाहेर जाण्याची भोकं लिहायची.

काय हवंय याचं उत्तर "सत्ता" असेल तर खोडा. सत्ता त्याच्याकडे आहेच. कोंडून घेणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा कशाची तरी भीती असते आणि राज्यकारभार ही त्याच्या दृष्टीने मधली कटकट असते. चीनचा पहिला सम्राट छिन शी हुआंग मृत्यूला इतका घाबरायचा की अमर होण्याच्या नादात एका तांत्रिकाच्या सल्ल्यावरून त्याने राजधानीभोवतीचे २७० महाल झाकलेल्या वाटांनी जोडून घेतले, आणि तो कुठल्या महालात आहे हे जो बोलेल त्याला मृत्युदंड. तुमच्या राजाला असंच काहीतरी ठोस द्या. आणि वेडा करू नका प्लीज. वेड्याचं काहीही खपतं असं लेखकाला वाटतं, पण वेड्याच्या हुकमाचा अंदाज बांधता येत नाही, आणि अंदाज बांधता आला नाही की वाचकाला भीतीही वाटत नाही, फक्त गोंधळ होतो.

आता खबर. इथली सगळ्यात वाईट सवय म्हणजे सगळं दाखवणारा जादूचा आरसा. सगळं दिसणाऱ्या राजापुढे कट होऊ शकत नाही, चोरी होऊ शकत नाही, म्हणजे तुमचा प्लॉटच होऊ शकत नाही, मग तुम्ही त्याला ऐन वेळी दुसरीकडे बघायला लावता आणि वाचकाला ते लगेच कळतं. अर्धवट कळणारा राजा जास्त भयंकर असतो. त्याच छिन सम्राटाचा एक प्रसंग नोंदलेला आहे, डोंगरावरून त्याला वजिराच्या गाड्याघोड्यांचा लवाजमा दिसला आणि त्याने नाक मुरडलं. कोणीतरी ते वजिराच्या कानावर घातलं, वजिराने गुपचूप लवाजमा कमी केला. सम्राटाने ते ताडलं, म्हणजे आपल्या जवळचं कोणीतरी फुटलंय. चौकशी केली, कोणी कबूल होईना, तर त्या वेळी जवळ असलेल्या सगळ्यांना मारून टाकलं. यात जादू शून्य. नुसता एक अंदाज, आणि तो काढायला लागलेली तुटपुंजी माहिती.

म्हणून ऐकण्याला मर्यादा घाला आणि ती मर्यादा त्याच एका गोष्टीला बांधा जिच्यावर शहर चालतं. हे वाक्य पुन्हा वाचा, कारण बाकी सगळं विसरलात तरी चालेल. माझ्या उदाहरणात पाणी राजाचं आहे, तर वाहत्या पाण्याजवळ बोललेलं राजाला ऐकू जातं. बस्स. आता बघा काय काय होतं. श्रीमंतांच्या घरात कारंजी बंद करून ठेवलेली असतात आणि नोकर घागरींनी पाणी वाहतात. सार्वजनिक नळावर बायका फक्त मोठमोठ्याने राजाचं कौतुक करतात. न्हावी, वकील, सुईण यांची दुकानं कोरड्या गल्लीत. आणि जिथलं पाणी आटलंय ते पडके, तहानलेले मोहल्ले, तिथे मोकळेपणाने बोलता येतं म्हणून माणसं तिथे जातात, तहान सोसून राहतात सुद्धा. म्हणजे पडझड आणि जुलूम ही दोन वेगळी डेकोरेशनं उरली नाहीत. शहर जितकं मरतं तितका राजा बहिरा होतो, आणि आता त्याला दुरुस्ती करायचं कारणही मिळालं आणि लोकांना ती दुरुस्ती होऊ न देण्याचंही. हे एकदा जमलं की मनोरा दाखवायची गरज पडत नाही, नळ दाखवला तरी पुरतं.

हुकूम बाहेर कसा येतो, यात मजा आहे. रोमचा सम्राट टायबेरियस सन २६ मध्ये शहर सोडून गेला, काप्री बेटावर जाऊन राहिला आणि ३७ मध्ये मरेपर्यंत रोमच्या आत परत पाऊल ठेवलं नाही, कारभार सगळा पत्रांवर. त्याचा उजवा हात सेजानस रोममध्ये बसून सम्राटापर्यंत काय जायचं ते ठरवायचा. ३१ साली काप्रीहून सिनेटला पत्र आलं, सेजानसला आतून सांगितलं होतं की तुझ्या बढतीचं आहे, सिनेटर त्याच्याभोवती गोळा झाले. पत्र लांबलचक, इकडची तिकडची गोष्ट, मध्येच सेजानसवर बारीक टीका, मग दुसराच विषय, आणि शेवटी त्याला अटक करण्याची सूचना. पत्र पुढे सरकत होतं तसे शेजारी बसलेले उठून लांब जात होते. त्याच दिवशी त्याला मारलं. आता या सीनमध्ये जुलमी राजा हजर आहे की नाही? एक शब्दही न बोलता पूर्ण हजर आहे, तर तुम्हाला हेच करायचंय.

हुकूम कसा दिसतो, कोण वाचून दाखवतं, आणि वाचणाऱ्याने मधलं वाक्य गाळलं तर कोणाला कळेल, हे ठरवून टाका. हुकूम थोडे शिळे असू द्या. पडून गेलेल्या पुलाचा टोल का आला नाही असा हुकूम येतो, आणि कारभारी स्वतःच्या खिशातून टोल भरतो कारण पूल पडला हे सांगायला जायची कोणाची तयारी नाही. हुकूम न येणं हाही जुलूमच, हेही ध्यानात ठेवा. मिंग सम्राट वान्ली १५७२ ते १६२० इतका काळ गादीवर होता आणि त्यातली शेवटची तीसेक वर्षं तो दरबारात जवळजवळ आलाच नाही, अर्जांना उत्तर नाही, रिकाम्या जागांवर नेमणुका नाहीत. तुमच्या शहरात "हंगामी" कोतवाल असू द्या ज्याचा बापही हंगामी कोतवालच होता.

एक सक्त ताकीद. "राजा तर केव्हाच मेलाय!" हा ट्विस्ट शेवटी आणू नका. वाचकाला तिसऱ्या प्रकरणातच शंका आलेली असते, कारण राजा दिसत नाही म्हटलं की पहिला विचार तोच येतो. मेलेलाच हवा असेल तर लवकर सांगून टाका. छिन शी हुआंग इसवी सनापूर्वी २१० मध्ये दौऱ्यावर असताना मेला, तेव्हा जवळच्या दोनचार जणांनी ते लपवलं, गाडीत जेवण जात राहिलं, गाडीतून हुकूम निघत राहिले, आणि उन्हाळ्यात प्रेताचा वास यायला लागला तेव्हा बरोबरच्या गाड्यांत खारवलेले मासे भरायला लावले. ही गोष्ट चालते ती लपवणाऱ्यांमुळे, आता पुढे काय होणार यामुळे. मेलाय की नाही हे कोडं ठेवलं असतं तर मासे निघाले त्याच पानावर ते संपलं असतं.

उरलेलं

लोक सोडून का जात नाहीत, याला उत्तर पाहिजेच. "भीती" हे उत्तर पुरत नाही. पाणी फुकट येतं, बाहेर ते विकत किंवा नाहीच, हे पुरतं. बंडखोरांची गुप्त संघटना करायची असेल तर करा, पण त्यांच्यातही निदान एक जण असा ठेवा ज्याचं घर राजाच्या पाण्यावर चालतं.

पहिला सीन मनोऱ्यात नको, रांगेत घ्या.

राजाला भेटवायचं असेल तर एकदाच, थोडक्यात, आणि तो त्याच्या कामात असावा. त्याला एखादा क्षुल्लक प्रश्न विचारू दे, ज्यावरून कळेल की त्याच्या डोक्यातलं शहर किती जुनं आहे.

आणि शेवट लिहायला बसायच्या आधी हे सोडवा: तो मेला तर पाणी किती वेळात थांबतं. लगेच, संध्याकाळी, की दहा वर्षांनी? लगेच थांबत असेल तर तुमच्या नायिकेने तलवार उचलायच्या आधी कोणीतरी नदीवर होड्या आणि चक्क्या बांधायला घेतलेल्या पाहिजेत, आणि तो माणूस तुम्ही पहिल्या काही प्रकरणांतच कुठेतरी दाखवलेला पाहिजे. दाखवला नसेल तर मागे जा आणि आधी त्याला घाला.