कमांडच्या आउटपुटवर विसंबणाऱ्या स्क्रिप्ट: या चुका टाळा

सिस्टिम अपडेट केल्यावर स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने चालणाऱ्या कमांडची फाइल, एरर देऊन बंद पडली, तर ते एका परीने बरेच, कारण बिघाड लगेच लक्षात येतो. खरी भीती असते ती तक्रार न करता चुकीचा आकडा देत राहणाऱ्या स्क्रिप्टची.

लिनक्सवर मेमरीचा वापर दाखवणारी ‘फ्री’ ही कमांड पाहा. पूर्वी तिच्या आउटपुटच्या तिसऱ्या ओळीत बफर आणि कॅशे (गरज पडल्यास सोडता येणारी तात्पुरती साठवण) वगळून वापरातली व मोकळी मेमरी दिसे, म्हणून ‘ऑक’ या मजकुरातून शब्द निवडणाऱ्या कमांडने तिसऱ्या ओळीतला चौथा शब्द उचलला की मोकळ्या मेमरीचा आकडा हाती येई. २०१४ मध्ये ‘फ्री’ ज्यात येते त्या प्रॉकपीएस-एनजी या संचाच्या ३.३.१० आवृत्तीत ती ओळ गेली आणि ‘अव्हेलेबल’ हा स्तंभ आला. आता तिसरी ओळ स्वॅपची, म्हणजे मेमरी अपुरी पडल्यास वापरायच्या डिस्कवरील जागेची, असते व तिच्यातला चौथा शब्द म्हणजे मोकळा स्वॅप. मेमरी संपत आली, तरी स्वॅप मोकळा असेपर्यंत जुनी स्क्रिप्ट सारे आलबेल असल्याचेच कळवते.

तेव्हा ओळी आणि स्तंभ मोजून आकडा उचलू नये. लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नलच्या ३.१४ आवृत्तीपासून ‘प्रॉक’ या डिरेक्टरीतील ‘मेमइन्फो’ फाइलमध्ये ‘मेमअव्हेलेबल’ ही नोंद असते. ती नावाने शोधून तिच्यापुढचा आकडा घ्यावा.

अर्थात नावेही बदलतात. नेटवर्कची माहिती देणाऱ्या ‘आयएफकॉन्फिग’च्या जुन्या आउटपुटमध्ये ‘आयनेट अॅडर’ आणि कोलन यांच्यापुढे आयपी पत्ता येई. नव्यात नुसते ‘आयनेट’ असते, त्यामुळे जुना शब्द शोधणाऱ्या ‘ग्रेप’ या शोध कमांडच्या हाती काहीच लागत नाही आणि रिकामे व्हेरिएबल पुढच्या कमांडकडे जाते. मिळालेली किंमत रिकामी नाही ना, अपेक्षित रूपातच आहे ना, हे तपासल्याशिवाय ती वापरणे मला बेजबाबदारपणाचे वाटते, विशेषतः पुढे फाइली पुसायच्या असतील तर.

जिथे जेसनची, म्हणजे प्रत्येक किंमत नावासह देणाऱ्या ठरावीक मांडणीची, सोय आहे तिथे तीच वापरावी: नेटवर्कच्या ‘आयपी’ कमांडला लहान जे हा पर्याय द्यावा, डिस्कची यादी देणाऱ्या ‘एलएसबीएलके’ला कॅपिटल जे. डिस्कवरील मोकळी जागा दाखवणाऱ्या ‘डीएफ’ला कॅपिटल पी दिल्यास प्रत्येक फाइल सिस्टिमची माहिती एकाच ओळीत मिळते. सिस्टिमच्या भाषेनुसार शीर्षकेही बदलत असल्याने भाषा ठरवणाऱ्या ‘एलसी ऑल’ या व्हेरिएबलची किंमत सी ठेवावी.

स्क्रिप्ट चालवणाऱ्या बॅशमध्ये पाइपलाइनचा, म्हणजे एकीचे आउटपुट पुढचीला देणाऱ्या कमांडच्या साखळीचा, एक्झिट कोड (यश की अपयश हे सांगणारा आकडा) शेवटच्या कमांडवरून ठरतो. त्यामुळे मधल्या ‘ग्रेप’ला काही सापडले नाही, तरी शेवटचे, ओळीचा भाग कापून देणारे ‘कट’ यशच कळवते. बॅशचा ‘पाइपफेल’ हा पर्याय चालू केल्यावर ‘ग्रेप’चे अपयश पाइपलाइनच्या एक्झिट कोडमध्ये उतरते, मात्र तो कोड पाहून स्क्रिप्ट थांबवणे आपल्यालाच लिहावे लागते.