सहा फुटांच्या फळीवर पोलाद कारखान्याची रेल्वे

ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये एक्सप्रेस गाडीच्या प्रतिकृतीला लागणारी मोठी वळणे सहसा बसत नाहीत. पोलाद कारखान्याची अंतर्गत रेल्वे मात्र मुळातच आखूड, संथ आणि दाटीवाटीची असल्यामुळे सहा फूट बाय दोन फुटांच्या फळीवरही ती खरी वाटते.

फळीसाठी मरीन प्लायच घ्यावे. माझी पहिली फळी एमडीएफची होती आणि एकाच पावसाळ्यात ती कडांनी फुगली.

रूळ अंथरण्यापूर्वी मालाचा प्रवास कागदावर काढावा, कारण मांडणीचा सारा अर्थ त्यातच असतो. झारखंडमधल्या बोकारोसारखा कारखाना डोळ्यांपुढे ठेवल्यास झोतभट्टीतला (खनिजातून लोखंड वितळवणाऱ्या भट्टीतला) लोहरस लेडलमधून, म्हणजे मोठ्या भांड्यांतून, पोलादशाळेकडे जातो, रिकामे लेडल परत येतात, स्लॅगची म्हणजे वितळलेल्या मळीची भांडी वेगळ्या मार्गाने बाहेर पडतात आणि तयार कॉइल (गुंडाळलेले पोलादी पत्रे) वाघिणींतून रवाना होतात. शेवटच्या मार्गाला मी ‘कळंबोली’ अशी पाटी लावली आहे. कळंबोलीतल्या पोलादाच्या बाजारासाठी निघालेला माल आपल्याच दारी येणार असेल, तर शंटिंगला, म्हणजे वाघिणी पुढेमागे हलवून लावण्याला, वेगळीच गोडी येते.

एचओ म्हणजे १:८७ या मॉडेल रेल्वेच्या प्रमाणात (खऱ्याच्या एक सत्त्याऐंशीअंश आकारात) रुळांमधील अंतर १६.५ मिमी असते. आपल्या १,६७६ मिमी ब्रॉडगेजला त्या हिशेबाने सुमारे १९.३ मिमी हवेत. परंतु कारखान्यातले रूळ धूळ आणि कोळशाच्या चुऱ्यात बुडालेले दाखवल्यास हा फरक सहज लपतो. रूळ जिथे फुटतात तिथे फ्रॉगमधून (दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्यातून) वीज वाहणारेच टर्नआउट, म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणारे रूळ, निवडावेत, कारण रुळांतून वीज घेणारे आखूड शंटिंग इंजिन प्लास्टिकच्या फ्रॉगवर वीज तुटून हमखास अडते.

साठ मीटर उंचीची झोतभट्टी या प्रमाणात ६९ सेंमी भरते, म्हणून ती पूर्ण न उभारता मागच्या भिंतीला चिकटवलेला अर्धा देखावा करावा आणि जाड नळ्यांना पुढे आणावे.

खरे कौशल्य लोहरसात आहे. नवखे लोक उघडे लेडल नारिंगी रंगाने भरून टाकतात आणि ते संत्र्याच्या गोळीसारखे दिसते. प्रत्यक्षात पृष्ठभागावर काळपट साय धरते आणि तिच्या भेगांतूनच तेज दिसते. म्हणून पारदर्शक प्लास्टिकच्या चकतीवर काळा रंग देऊन सुईने भेगा कोराव्यात, खालून नारिंगी रंग पातळ फासावा आणि त्याखाली पिवळसर एलईडी बसवावा. १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर त्याला मालिकेत एक किलोओहमचा रोधक पुरतो.

कॉइलसाठी १४ मिमी रुंदीची करड्या कागदाची पट्टी २० मिमी व्यासाची होईपर्यंत घट्ट गुंडाळावी आणि मध्यभागी छिद्र ठेवावे. मात्र खडी चिकटवण्याआधी प्रत्येक टर्नआउटवरून इंजिन सर्वांत कमी वेगाने दोन्ही दिशांना चालवून पाहावे, कारण गोंद वाळल्यावर अडलेला रूळ उखडणे फार कष्टाचे असते.