मूल कुठे अडतं ते ऐका: वाचन तपासणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी

डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकाची पदविका संपवून गोव्यातल्या मराठी प्राथमिक शाळेत रुजू झालात की थोड्याच दिवसांत वाचन तपासणीचा तक्ता हातात पडतो. तो भरायचा आणि वर पाठवायचा. तक्ता जरूर भरा, पण आधी स्वतःला विचारा: या मुलाला उद्याच्या तासाला काय द्यायचं, हे मला यातून कळलं का? सत्तरी तालुक्यात शिकवताना मी प्रत्येक तपासणी याच प्रश्नावर तोलते.

सुरुवातीला 'असर'ची पद्धत घ्या. 'प्रथम' संस्थेने २००५ पासून देशभर वापरलेली ही चाचणी आहे आणि ती कोणालाही जमते. एका वेळी एकच मूल, बाकीच्यांपासून थोडं बाजूला. आधी चार सोप्या वाक्यांचा परिच्छेद द्यायचा. मुलाने तो शब्द तोडत न बसता, तीनपेक्षा जास्त चुका न करता वाचला तर गोष्ट द्यायची. अडखळलं तर सुटे शब्द, पाचपैकी चार बरोबर यायला हवेत. तेही जमले नाहीत तर अक्षरं. काही मिनिटांत पातळी कळते.

पण पातळी म्हणजे फक्त मूल कुठे थांबलं ते. का थांबलं, हे त्यात नसतं. 'शब्द' पातळीवरच्या दोन मुलांची गरज अगदी वेगळी असू शकते. एक मूल 'भात'ला 'मात' वाचतं, 'घर'ला 'धर'. त्याला भ-म, घ-ध या जोड्या शेजारी-शेजारी ठेवून ओळखायला द्यायला हव्यात. दुसरं मूल साधे शब्द झरझर वाचतं, पण 'सर्प'ला 'सप्र' म्हणतं. त्याचा रफार पक्का करायचा आहे, आणि त्याला पुन्हा बाराखडी घोकायला लावणं म्हणजे त्याचा वेळ फुकट घालवणं. म्हणून उताऱ्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवा आणि मूल जे बोललं ते छापील शब्दाच्या वर जसंच्या तसं लिहा. चुकून मग स्वतःच सुधारलं तर तिथे खूण करा. ते मूल स्वतःच्या वाचनाकडे लक्ष देतंय, ही चांगली गोष्ट आहे.

आता गोव्याचं सांगते, कारण हे अध्यापनाच्या पुस्तकात सहसा मिळत नाही. आपल्या वर्गातली बहुतेक मुलं घरी कोंकणी बोलतात. पुस्तकात 'कावळा झाडावर बसला' असतं आणि मूल वाचतं, 'कावळो झाडार बसला'. शब्द मोजणाऱ्याला इथे तीनपैकी दोन चुका दिसतील. मला त्यात वाचक दिसतो. अक्षरं ओळखून, अर्थ लावून, तो अर्थ त्याने आपल्या घरच्या भाषेत सांगितला. 'आहे'च्या जागी 'आसा' आलं तरी तेच. अशा जागी वहीत 'को' (कोंकणी) लिहा आणि वाचनाच्या चुकांत धरू नका. छापील रूप नंतर शांतपणे दाखवा: "इथे काय छापलंय बघ, बोट ठेवून वाच." मराठी रूपं अशी हळूहळू बसतात. त्याउलट जे मूल 'का-व-ळा, झा-डा-व-र' असं अचूक वाचतं आणि कोण कुठे बसलं हे सांगू शकत नाही, त्याची मला जास्त काळजी वाटते, कारण तक्त्यात ते पुढे दिसतं.

म्हणून उतारा झाल्यावर दोन-तीन प्रश्न विचाराच, आणि उत्तर कोंकणीत चालेल हे आधीच सांगा. आपण समज तपासतोय, मराठी बोलणं नव्हे. कर्नाटकातून कामाला आलेल्या घरांतली मुलंही आपल्याकडे असतात. त्यांतली काही 'भाजी'ला 'बाजी' म्हणतात. बोलीत तो उच्चार तसाच असतो. शंका आली तर 'भ' आणि 'ब'ची अक्षरपत्ती दाखवून बोट ठेवायला सांगा. वेगळी ओळखली तर वाचन ठीक आहे. या मुलांना बहुधा शब्दसंग्रहाची मदत लागते, तेव्हा वाचण्याआधी चित्रावर भरपूर गप्पा मारा.

वेगाबद्दल थोडंच. 'निपुण भारत' या केंद्र सरकारच्या वाचन-गणित मोहिमेत तिसरीसाठी मिनिटाला किमान ६० शब्दांचं उद्दिष्ट आहे. ते ध्यानात ठेवा, पण 'झाडाखालच्या' एवढा लांब शब्दही मराठीत एकच मोजला जातो हेही विसरू नका. घड्याळ समोर धरलं की भित्री मुलं अंदाजाने वाचायला लागतात, म्हणून पहिल्या भेटीत ते मी काढतच नाही.

निकालाचं पुढे काय करायचं? एकशिक्षकी शाळेत पहिली ते चौथी एकाच खोलीत बसतात, तिथे इयत्तेपेक्षा गरजेप्रमाणे गट केलेले बरे. रोजचा अर्धा तास तरी अक्षर-मात्रावाले एकत्र, जोडाक्षरवाले एकत्र, आणि गोष्ट वाचणारे स्वतंत्र पुस्तकं घेऊन. गटांना 'हुशार', 'कच्चे' अशी नावं कधीही देऊ नका, मुलं ती वर्षानुवर्षं अंगावर वागवतात. साहित्य आसपास आहेच. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, दिवसांत माटोळीच्या (गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या) सामानाची यादी फळ्यावर लिहा: नारळ, चिबूड, तोरिंग, आंबाडे. शब्द पातळीचं मूल ती आनंदाने वाचतं, कारण यातली प्रत्येक वस्तू त्याने हातात धरलेली असते. कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसवरचे 'वाळपई', 'साखळी', 'डिचोली' हे बोर्डही असेच कामाला येतात.

तीन-चार आठवड्यांनी पुन्हा ऐका, नवा उतारा घेऊन. जुना मुलांना पाठ झालेला असतो. रोज दोन मुलं ऐकली तरी छोटा वर्ग महिन्याभरात होतो, आणि कुणीही कायम एकाच गटात अडकून राहत नाही.

पालक भेटले की पातळीचं नाव सांगू नका, नेमकं काम सांगा. "तो साधे शब्द आता वाचतो, जोडाक्षराला थांबतो. रात्री जेवणाआधी पाच मिनिटं त्याच्याकडून वाचून घ्या, अडला तर लगेच सांगू नका, थोडं थांबा." ज्या आईला स्वतःला वाचता येत नाही, तिला एवढंच सांगा: त्याला गोष्ट वाचायला लावा, आणि मग तीच गोष्ट कोंकणीत सांगायला लावा. हे तिला नक्की जमतं.