'सगळं बॉर्डरलाइन आहे' म्हणून खूश होताय? साठीनंतरच्या मेटाबॉलिक सिंड्रोममधल्या या चुका टाळा

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. गेली १४ वर्षं लोकांच्या घरी जाऊन ब्लड सॅम्पल घेते, आणि माझे निम्म्याहून जास्त पेशंट साठीच्या पुढचे. सकाळी साडेसहाला बेल वाजवायची, शीर शोधायची, ट्यूबवर नाव टाकायचं, निघायचं. पण त्या दहा मिनिटांत माणसं भरपूर बोलतात, आणि तीन महिन्यांनी परत त्याच दारात उभं राहिलं की मागच्या वेळच्या निश्चयाचं काय झालं तेही दिसतं. त्याच त्याच चुका बघून आता वैताग आलाय, म्हणून लिहायला बसले.

रिपोर्ट ओळी ओळीने वाचणं

रिपोर्ट हातात आला की सगळे एकच करतात, ठळक अक्षरात काही छापलंय का ते बघतात. शुगर १०८, 'थोडी वर आहे'. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, १६२, 'किंचित'. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ३८, 'दोनच कमी'. बीपी १३६/८४, 'या वयात एवढं चालायचंच'. झालं, रिपोर्ट फाईलमध्ये, फाईल कपाटात.

अहो, पण मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणजे तेच तर आहे! तो एका टेस्टमध्ये सापडणारा आजार नाहीये, पाच गोष्टींचा गठ्ठा आहे आणि त्यातल्या कुठल्याही तीन जमल्या की तो आहे असं धरतात. पोटाचा घेर जास्त, ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, एचडीएल पुरुषांत ४० च्या खाली आणि बायकांत ५० च्या खाली, बीपीचा वरचा आकडा १३० किंवा खालचा ८५ ला टेकलेला, आणि उपाशीपोटी शुगर १०० किंवा वर. पूर्वी प्रत्येक संस्थेची व्याख्या वेगळी होती, २००९ साली बऱ्याच आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून हे आकडे जुळवले. (रक्ताचे हे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमधले, रिपोर्टवर मिलिमोल लिहिलं असेल तर शुगरचा ५.६ म्हणजे हा १००, आणि ट्रायग्लिसराइडचा १.७ म्हणजे हा १५०. एकक न बघता घाबरणारे आणि एकक न बघता खूश होणारे दोन्ही भेटलेत.) वर जे आकडे लिहिले त्यात घेर मोजायच्या आधीच चार खुणा झाल्या, मोजून बघा.

हे सगळे आकडे एकत्र का चढतात हे एकदा कळलं की 'थोडंसं' म्हणवत नाही. शरीरातल्या पेशी इन्सुलिनचं ऐकेनाशा होतात, मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं, त्या गडबडीत लिव्हर ट्रायग्लिसराइड जास्त बनवायला लागतं, एचडीएल उतरतं, किडनी मीठ धरून ठेवते आणि बीपी वर. म्हणजे चार वेगळे पाहुणे नाहीत, एकाच घरातली माणसं आहेत. अमेरिकेतल्या गेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये हे सूत्र मांडलं तेव्हा त्याला 'सिंड्रोम एक्स' म्हटलं होतं, आणि गंमत म्हणजे त्यांच्या मूळ यादीत पोटाचा घेर नव्हताच, तो नंतर आला.

माझे एक काका आहेत, पेशंटच, पण इतक्या वर्षांत काकाच झालेत. अतिशय टापटीप माणूस, शुगरची फाईल वेगळी, कोलेस्टेरॉलची वेगळी, बीपीची वही तिसरीच, आणि तिन्ही वेगवेगळ्या डॉक्टरांकडे जायच्या. नऊ वर्षांचे कागद, एकही हरवलेला नाही, आणि नऊ वर्षांत ते तिन्ही कागद एका टेबलावर कधी आले नव्हते. एकदा त्यांनी कौतुकाने मला दाखवायला काढले तेव्हा मी रिकाम्या पाकिटाच्या मागे पाच ओळी आखल्या आणि वर्षं टाकली. चार वर्षांपासून दरवर्षी चार खुणा. काका बराच वेळ पाकिटाकडे बघत होते, मग म्हणाले, "ताई, हे मला कोणी सांगितलं कसं नाही?" सांगणार कोण, प्रत्येकाला एकच फाईल दिसत होती.

माझी सवय तीच, पाच ओळी, पेन्सिल, एक कागद. त्यासाठी ॲप वगैरे काही लागत नाही.

आणि एक, गोळी घेऊन बीपी १२० आलं म्हणून ती खूण पुसायची नसते. उपचार चालू असतील तर ती गोष्ट मोजली जाते. यावरून आठवलं, टेस्टच्या आधी 'खरा आकडा कळावा' म्हणून गोळ्या बंद करणारे लोक! एका मावशींनी चार दिवस बीपीची गोळी घेतली नाही, मी गेले तेव्हा १७८/९६, डोकं धरून बसलेल्या. डॉक्टरांना गोळीसकटचाच आकडा हवा असतो, गोळी काम करतेय का ते त्यातूनच कळतं.

पॅन्टच्या नंबरावर विश्वास

माझ्या बाबांची पॅन्ट ३० वर्षं ३४ ची. हे ते अभिमानाने सांगायचे. पॅन्ट तीच होती हे खरंय, फक्त बेल्ट दरवर्षी थोडा थोडा खाली सरकत पोटाच्या खाली जाऊन बसला होता. टेपने मोजलं तर १०१ सेंटिमीटर. "टेप जुनी आहे," हे त्यांचं म्हणणं.

घेर मोजायचा तो शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक यांच्या बरोबर मध्ये, कपड्यावरून नाही, टेप चहूबाजूंनी सरळ, आणि नेहमीसारखा श्वास सोडल्यावर. पोट आत ओढायचं नाही, मला कळतं. दक्षिण आशियाई पुरुषांसाठी ९० आणि बायकांसाठी ८० ही रेघ धरतात, इतर वंशांसाठी वेगळी असते, तेव्हा इंटरनेटवर दिसलेला पहिला आकडा उचलू नका. वय झाल्यावर पाठ वाकते, उंची कमी होते आणि पोट नुसतं त्यानेही पुढे येतं, म्हणून एका आकड्यावर रडण्यापेक्षा दर तीन महिन्यांनी त्याच जागी मोजून आपलाच आकडा कुठे चाललाय ते बघा.

भसाभस वजन उतरवणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक आणि ती माझ्याच घरात झाली.

तर १०१ ऐकून बाबा पेटले. तेव्हा ७१ वर्षांचे. रात्रीचं जेवण बंद, सकाळचं निम्मं, आणि दिवसातून दोनदा चालणं. तीन महिन्यांत ११ किलो. सगळ्यांनी कौतुक केलं, मी पण केलं, खोटं कशाला बोलू. उपाशीपोटीची शुगर ११२ वरून ९७, ट्रायग्लिसराइड १९० वरून १२८. मीच सॅम्पल घेतलं होतं आणि मीच रिपोर्टचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

पुढच्या सॅम्पलला गेले तेव्हा ते सोफ्यावर बसले होते. उठताना दोन्ही हात टेकले, पुढे झुकले, परत मागे बसले. परत झुकले, परत बसले. तिसऱ्यांदा मी हात धरून ओढलं. "अगं, सोफा खोल आहे," म्हणाले. सोफा बारा वर्षं तेवढाच खोल होता. पॅन्ट मांडीवर नुसती लोंबत होती. महिन्याभराने बाथरूममध्ये पडले, मनगट मोडलं.

काय झालं होतं, तर उतरलेल्या ११ किलोंत चरबीबरोबर स्नायूही गेले. म्हातारपणी स्नायू तसेही आपोआप झिजत असतात, त्यात उपाशी राहायचं आणि ताकदीचा व्यायाम शून्य, मग शरीर तेच मोडून खातं. आणि जेवणानंतरची साखर सगळ्यात जास्त शोषून घेतात ते स्नायूच, म्हणजे शुगरसाठी डाएट केलं आणि शुगर खपवणारं यंत्रच विकून टाकलं. प्लास्टर असेपर्यंत बसून बसून सहा किलो परत आले, घेर ९९ झाला, मांड्या मात्र परत भरल्या नाहीत. वजनकाट्यावर बघाल तर पाच किलोंचा फायदाच दिसतो.

म्हणून वजन हा एकच आकडा बघणाऱ्यांचा मला राग येतो. विशेषतः बाहेरगावची मुलं, फोनवर 'बाबा, किती किलो झालं?' एवढंच विचारतात. 'खुर्चीतून किती वेळा उठता येतं?' हे विचारा ना! सरळ पाठीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, हात छातीवर घडी, आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं, शेजारी कोणीतरी उभं असू द्या. ७० ते ७४ च्या पुरुषाला १२ आणि बाईला १० च्या खाली आलं तर पाय कमजोर, पडायची भीती जास्त. बाबांचे प्लास्टर काढल्यावर ७ झाले होते.

घाईची गरज नसते हे अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने २००२ मध्येच दाखवलंय. शुगर वाढलेल्या पण डायबेटिस न झालेल्या लोकांना फक्त ७ टक्के वजन कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम, एवढंच ध्येय दिलं होतं. त्यांच्यात डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, आणि साठीच्या पुढच्यांत तर ७१ टक्क्यांनी. म्हणजे म्हाताऱ्यांना तरुणांपेक्षा जास्त फायदा, तोही असं साधं करून. ७५ किलोच्या माणसाला सव्वापाच किलो, तेही निवांत सहा महिन्यांत.

आमच्याकडे आता असं आहे: चालणं आहेच, आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम, तीनदा तोल सांभाळायचे, आणि तिन्ही वेळच्या जेवणात प्रोटीन. वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम असा अंदाज धरतात, पण किडनीचा त्रास असेल तर तो आकडा डॉक्टरांकडूनच घ्यायचा. खुर्चीच्या टेस्टमध्ये बाबांचे परवा १३ झाले. चौदाव्याला हात टेकला, म्हणून तो मी मोजला नाही, यावर अजून वाद चालू आहे.

बीपीचं मशीन आणि जेवणाचं टेबल

नवीन मशीन आलेलं घर मला दारातूनच कळतं. मशीन टेबलावर, माणूस आत्ताच जिना चढून आलेला, पायावर पाय, हात लोंबकळत, पट्टा स्वेटरवरून आणि एका हाताने फोन चालू. मग १५२ आलं की लगेच परत, १४८, परत, १५५, आणि घाबरून आणखी वर. दिवसातून चौदा वेळा मोजणारे आहेत. मी काय करते तर सुई बाहेर काढायच्या आधी बीपी घेते, सुई बघून चढतं म्हणून. त्याआधी पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीला टेकवलेला, लघवीला जाऊन आलेलं, पट्टा उघड्या दंडावर. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा खोटाच जास्त येतो. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा, बास.

आणि उभं राहून मोजायला कोणीच तयार नसतं! उठल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने पडत असेल तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं, नाहीतर बसलेला आकडा बघून गोळी वाढते आणि माणूस रात्री बाथरूमला जाताना कोसळतो.

बाकीच्या, भराभर

'बिनसाखरेचा चहा घेतला, तो चालतो ना?' दूध घातलेला चहा म्हणजे उपवास मोडला. ८ ते १२ तास फक्त पाणी.

गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊन दोन दिवसांत शुगर तपासू नका, वर येणारच.

ॲनिमिया असेल तर तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीए१सी टेस्ट फसवू शकते, सांगून ठेवा.

घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं हे हसण्यावारी नेऊ नका, बीपी न उतरण्यामागे तेही असतं.

रोज दुखण्याच्या गोळ्या स्वतःच्या मनाने खायच्या आणि बीपी का चढतंय म्हणून विचारायचं, हे बंद करा.

'२१ दिवसांत मुळापासून' वाली पावडर मला दाखवू नका. एकदा एका आजोबांनी डबा दाखवला, त्यावर घटकांची यादीच नव्हती.

आता शेवटची, ती उलट्या बाजूची आहे. काही घरांत मुलं आईवडिलांच्या शुगरच्या मागे इतकी लागतात की आकडा तरुणांसारखाच हवा. वय ८० च्या पुढे, अंगात ताकद नाही, आठवण कमी झालेली, अशा माणसाला एचबीए१सी आठपर्यंतही डॉक्टर चालवून घेतात, कारण शुगर एकदम उतरली की चक्कर, घाम, गोंधळ आणि पडणं. काही गोळ्यांनी ती जेवण चुकलं की उतरते, सगळ्यांनी नाही. म्हणून ज्या दिवशी भूकच नाही त्या दिवशी कुठली गोळी घ्यायची आणि कुठली नाही, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा आणि गोळ्यांच्या डब्याच्या झाकणावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.